वासवदत्तेची ठेव

गेल्या दोन अंकांत या सदरात वत्सराज उदयनाच्या कथेचे दोन भाग सांगून झाले. तिसरा भाग व एकंदर कथेचा शेवट या खेपेस देण्याचे कबूल केले होते. मध्यंतरी जी पत्रे आली, त्यांपैकी एका भगिनीने स्पष्टच लिहिले आहे की, वासवदत्तेस राजाच्या स्वाधीन केल्यावाचून आणखी कोणतेही विषयांतर करू नये. आज्ञा शिरसावंद्य आहे. परंतु मुले शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्यास थोडेसे विषयांतर क्षम्य असावे.

आमच्या निरगुडसरास हल्ली दिवेलागणीनंतर कोणी सहसा बाहेर पडत नाही. ऊस वाढला की बिबट्याचे भय वाढते, आणि जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हे भय केवळ गोष्टीतले राहिलेले नाही. कडी लावून सारी मंडळी माजघरात बसतात, आणि मग मी वाचतो. संस्कृत मूळ वाचून लगेच मराठीत अर्थ सांगायचा, असा क्रम आहे. श्रोतृवर्गात आमची सौभाग्यवती, वडील वहिनी, दोघी सुना व चार नातवंडे. कालिदासाने मेघास अवंतीची वाट सांगताना, तेथील खेड्यांतले म्हातारे उदयनाची कथा सांगण्यात निपुण असतात, असा निर्देश केला आहे. त्या म्हाताऱ्यांच्या पंगतीत आपणांसही पाट मिळावा, एवढीच माझी हौस.

एकच कथा तीन स्वतंत्र कृतींतून पुरी करण्याची चाल पाश्चात्य वाङ्मयात पुष्कळ जुनी आहे. ग्रीक लोकांच्या नाट्योत्सवात एका कवीची तीन शोकनाट्ये ओळीने होत. एस्किलस याची ओरेस्तेइया ही मालिका इ. स. पूर्व ४५८ सालची. आपल्याकडे ही त्रयी एका हाताने झालेली नाही. पहिली दोन नाटके, म्हणजे 'प्रतिज्ञायौगंधरायण' व 'स्वप्नवासवदत्त', भासाची म्हणून मानली जातात. तिसरी 'रत्नावली' ही नाटिका कनोजच्या हर्षाच्या नावावर आहे. त्याची कारकीर्द इ. स. ६०६ ते ६४७. दोहोंमध्ये काही शतकांचे अंतर. परंतु माणसे तीच, राज्य तेच, आणि सारी सूत्रे हलविणारा प्रधान यौगंधरायण तोच. कपटावाचून ज्याचा दिवस मावळत नाही असा हा प्रामाणिक पुरुष! आमच्या धाकट्या नातवाने त्याचे नाव 'सोंगाड्या प्रधान' असे ठेविले आहे, व ते मला अयोग्य वाटत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या आजोबांच्या पिढीतील शास्त्र्यांस भास हा केवळ नावाने ठाऊक होता. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत त्याचा आदराने उल्लेख केला आहे. पण ग्रंथ कोणी पाहिलेला नव्हता. १९०९ च्या सुमारास त. गणपतिशास्त्री यांस त्रावणकोरात ताडपत्रांवर ही नाटके सापडली, व १९१२ पासून त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेत ती छापून निघू लागली. ती भासाचीच की नाहीत, हा वाद अद्याप मिटलेला नाही. पंडितांनी तो खुशाल चालवावा. मेली म्हणून ज्यांचे दिवस घातले होते, अशी नाटके वेष पालटून दक्षिणेतल्या एका मठात बसली होती, हा योग मात्र वासवदत्तेच्या कथेस शोभेसाच आहे.

मागील कथेची उजळणी दोन शब्दांत करितो. उज्जयिनीच्या प्रद्योत महासेनाने लाकडी हत्ती करून त्यात सैनिक दडविले आणि गजविद्येच्या नादी असलेल्या उदयनास पकडले. बंदिवासात उदयनाने राजकन्या वासवदत्तेस वीणा शिकविली. यौगंधरायण वेड्याच्या वेषात, रुमण्वान भिक्षूच्या वेषात व विदूषक वसंतक भिकाऱ्याच्या वेषात उज्जयिनीत शिरले. अखेर भद्रवती नावाच्या हत्तिणीवर बसून उदयन वासवदत्तेसह पळाला. प्रधान मागे लढत राहिला व पकडला गेला. महासेनाने त्यास शासन न करिता सुवर्णपात्र देऊन गौरविले. आणि जी मुलगी निरोप न घेता गेली, तिचे व जावयाचे चित्र फलकावर काढवून, त्या चित्रांचेच लग्न लावावे अशी आज्ञा केली. हा चित्रफलक वाचकांनी लक्षात ठेवावा. आमच्या वहिनींनी तो पहिल्या दिवशीच ठेविला होता. "मुलीच्या लग्नात आईला चित्रावर अक्षता टाकाव्या लागल्या, भावजी, हे काही इथे संपायचे नाही," असे त्या म्हणाल्या होत्या.

दुसरा भाग सर्वांत करुण. आरुणीने वत्सदेश बळकाविला. मगधाचा राजा दर्शक याचे साह्य मिळाल्यावाचून राज्य परत येणार नाही, आणि त्याची बहीण पद्मावती हिच्याशी विवाह झाल्यावाचून साह्य मिळणार नाही. वासवदत्ता जिवंत असता उदयन दुसरी स्त्री करणार नाही. म्हणून लावाणक गावी आग लावून राणी जळाली अशी आवई उठविली. प्रधानही तिला वाचविताना जळाला असे भासविले. आणि वासवदत्तेस 'आवंतिका' हे नाव देऊन, आपली बहीण म्हणून, प्रधानाने पद्मावतीच्याच हाती ठेव म्हणून ठेविली.

येथे आमच्या धाकट्या सूनबाईंनी प्रश्न केला, "मामंजी, तिला कोणी विचारले होते का?"

प्रश्न शाळेत कोणी कधी विचारला नाही, हे कबूल करितो. भास त्याचे उत्तर उघड देत नाही. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचिलेल्या 'कथासरित्सागरा'त मात्र प्रधानांनी प्रथम तिचा भाऊ गोपालक यास विश्वासात घेतले, मग तिला मसलत सांगितली, आणि विरहाचे दुःख दिसत असूनही तिने ती मान्य केली, असे आहे. म्हणजे विचारले होते; पण सर्व ठरल्यावर विचारले. सूनबाईंनी यावर काही भाष्य केले नाही. भाजी निवडण्याचा त्यांचा वेग तेवढा वाढला.

भासाने उत्तर दिले नाही, तरी प्रश्न त्याच्या कानावर नव्हता असे मात्र नाही. पद्मावतीच्या लग्नाची माळ गुंफण्याचे काम दासी आणून देते ते नेमके आवंतिकेच्याच हाती. करंडीत दोन वनस्पती आहेत. एक अवैधव्य देणारी. ती वासवदत्ता पुष्कळ गुंफते, स्वतःकरिता आणि पद्मावतीकरिताही. दुसरी सवतीचा मोड करणारी. ती हाती घेऊन ती बाजूस ठेविते. कारण विचारले असता म्हणते, त्याची पत्नी तर मेली, मग ही कशाला? संस्कृत नाट्यात यापेक्षा मोठी भाषणे हजार आहेत. यापेक्षा मोठे वाक्य दाखवावयास सांगितले तर मला वेळ लागेल.

आता शेवट. सहावा अंक आम्ही तीन संध्याकाळी पुरवून पुरवून वाचला. रुमण्वानाने आरुणीचा पाडाव केला आहे, राज्य परत आले आहे. नर्मदेच्या काठी झुडुपात अडकलेली घोषवती वीणा कोणास सापडून राजाकडे आली आहे, व ती पाहून राजा व्याकूळ झाला आहे. अशा वेळी उज्जयिनीहून दोन माणसे येतात: महासेनाचा कंचुकी रैभ्य, आणि वासवदत्तेची दाई वसुंधरा. सासूचा निरोप दाई सांगते. वासवदत्ता गेली; पण आम्हांस गोपालक आणि पालक जसे, तसेच तुम्ही. तुम्हांला जावई करावे म्हणूनच उज्जयिनीस आणिले होते. वीणेच्या निमित्ताने मुलगी दिली. तुम्ही मंगलविधी न होताच उतावीळपणे निघून गेलात. मग आम्ही दोघांची चित्रे काढवून विवाह उरकला. तो चित्रफलक पाठविला आहे. तो पाहून मन शांत करावे.

पाहा, पहिल्या नाटकाच्या अखेरीस महासेनाने जे केवळ राणीच्या समाधानाकरिता केले, ते दुसऱ्याच्या अखेरीस कळीचा दगड ठरले. पद्मावती चित्र पाहते व थबकते. या ठिकाणी तिने जे केले, ते तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे आहे. ती एकदम बोलत नाही. चित्र राणीसारखे हुबेहूब आहे काय, असे राजास विचारते. राजा म्हणतो, सारखे कसले, तीच! तेवढ्यावर तिचे समाधान होत नाही. दुःखी नवऱ्याची साक्ष कितीशी धरावी? मग ती शेजारचे राजाचे चित्र पाहते. राजा समोरच बसलेला आहे. त्या चित्राचा मूळ माणसाशी मेळ पडतो, म्हणजे चित्रकार विश्वासू, म्हणजे दुसरे चित्रही खरे. एवढे प्रमाण जमविल्यावर मग ती सांगते, की अशी एक स्त्री येथे राहते. माझी थोरली नात येथे इतक्या आनंदाने ओरडली की बाहेर कुत्रे भुंकू लागले.

तरीही राजास खरे वाटत नाही. ब्राह्मणाची बहीण असेल तर ती दुसरीच कोणी. जगात एकासारखे दुसरे दिसते. तोच द्वारपालिका वर्दी देते की, उज्जयिनीचा एक ब्राह्मण आपली बहीण परत मागावयास आला आहे. राजा म्हणतो, ठेव परत करावयाची ती साक्षीदारांसमक्ष करावी. रैभ्य आणि दाई साक्षी असोत. आवंतिकेस आणितात. दाई तिच्याकडे पाहते, आणि म्हणते की ही तर राजकन्या वासवदत्ता.

येथे मी पुस्तक मिटले, कारण मला पुढे वाचवेना. त्याचे कारण सांगतो.

साधारण १९६८ सालची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दुपारी ओसरीवर पाढे लिहीत बसलो होतो. एक म्हातारी बाई, पायांत वहाणा नाहीत, डोक्यावर गाठोडे, अशी अंगणात येऊन उभी राहिली आणि तिने एका बाईचे नाव घेऊन 'ती घरी आहे का' म्हणून विचारले. ते नाव मी जन्मात ऐकले नव्हते. मी म्हटले, "इथे असे कोणी राहत नाही." तिने पुन्हा विचारले. मीही, मास्तर होण्याची लक्षणे तेव्हापासूनच असावीत, पुन्हा ठासून सांगितले की असे कोणी नाही. म्हातारी गाठोडे सावरून वळली. ती दिंडीदरवाज्यापाशी पोचली असेल, तोच आत चुलीपुढून माझी आई, हात पिठाने भरलेले, धावत बाहेर आली. तिने तो आवाज ओळखला होता. म्हातारी तिच्या माहेरी कामास असे व तिनेच आईस अंगाखांद्यावर वाढविले होते. लग्नात ताम्हनातल्या तांदुळांवर सोन्याच्या अंगठीने जे नवे नाव लिहिले, तेच आम्हांस आईचे नाव म्हणून ठाऊक. त्याखाली दुसरे एक नाव होते, आणि ते घेऊन हाक मारणारे माणूस मी दारातून परत लावीत होतो. ते नाव येथे छापण्याचे कारण नाही.

त्या दोघी त्या दिवशी किती वेळ बोलल्या, हे मला आठवत नाही. आईचा आवाज वेगळाच झाला होता, एवढे आठवते. ती हसली की लहान मुलीसारखी हसे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

दुसऱ्या दिवशी उरलेला अंक वाचला. राजा म्हणतो, महासेनाची कन्या असेल तर आत चला. ब्राह्मण हरकत घेतो: ती माझी बहीण आहे, राजाने परस्त्रीस असे नेऊ नये! सोंगाची ही शेवटची लाट हसू आणते. मग पडदा दूर होतो, वेष उतरतात, आणि प्रधान पायां पडतो. राजा विचारतो, हे कशाकरिता? प्रधान कारणे देतो: कौशांबी राखावी, सिद्धांनी पद्मावती राणी होणार असे भविष्य सांगितले होते, म्हणून ठेव तिच्याच हाती. हे रुमण्वानास ठाऊक होते काय? सर्वांस ठाऊक होते. यावर राजा रुमण्वानास मोठा लबाड म्हणतो, आणि एवढ्यावर सारी फसवणूक मिटते.

इतक्या स्वस्तात मिटावी काय? आमच्या थोरल्या सूनबाईंचे मत की मिटू नये. राजास सर्वांनी मिळून रडविले, आणि जिने सोसले तिला शेवटी बोलावयास दोन वाक्ये. माझेही पूर्वी असेच मत होते. परंतु भासाने शेवट प्रधानाच्या कबुलीजबाबावर केलेलाच नाही. प्रधान सुचवितो की, रैभ्य व दाई यांनी आजच परत जाऊन राणी सुखरूप असल्याची वार्ता कळवावी. राजा म्हणतो, नको. आपण सर्वच जाऊ, पद्मावतीसह. म्हणजे कोठे? उज्जयिनीस. हत्तिणीच्या पाठीवरून रात्री पळालेली मुलगी, जिच्या चित्रावर आईने अक्षता टाकल्या व जिच्या मरणाची वार्ताही ऐकली, ती माहेरी जाते, आणि सवतीस बरोबर घेऊन जाते. वहिनी म्हणाल्या होत्या ते खरे झाले. राज्य मिळाले तो प्रधानाचा शेवट. मुलगी घरी गेली तो कथेचा.

'रत्नावली'विषयी थोडक्यात लिहितो. ती सुंदर आहे, पण मला तिच्याशी थोडे भांडावयाचे आहे. सिंहलची राजकन्या रत्नावली ज्याची पत्नी होईल तो सार्वभौम होईल असे भविष्य. तिचा पिता विक्रमबाहु हा वासवदत्तेचा मामा. भाचीला सवत कशी द्यावी म्हणून तो नकार देतो. तेव्हा सोंगाड्या प्रधान जुनेच अस्त्र पुन्हा काढितो: राणी लावाणकास जळाली! मुलगी निघते, गलबत फुटते, फळीच्या आधाराने ती वाचते, आणि 'सागरिका' या नावाने वासवदत्तेच्याच दासींत येऊन पडते. वसंतोत्सव, बोलकी मैना, चित्रफलक, राणीच्या वेषात दासी व दासीच्या ठिकाणी राणी, असा गमतीचा गोंधळ तीन अंक चालतो. घटनांची विण इतकी घट्ट की नाट्यशास्त्रकारांनी उदाहरणे द्यावीत ती या नाटिकेतून. मुलांस हीच सर्वांत आवडली.

माझे भांडण असे. जी स्वतः परक्या घरी दुसऱ्या नावाने राहिली, दुसरीची माळ गुंफली, ती वासवदत्ता सागरिकेच्या पायांत बेड्या घालते. भासाच्या वासवदत्तेच्या हातून हे झाले नसते. हर्षास आपल्या नायिकेचा मागील जन्म आठवला नाही, असे मी वहीत लिहून ठेविले होते. या खेपेस मोठ्याने वाचताना ते खोडावे लागले. चौथ्या अंकात ऐंद्रजालिक राजवाड्यास आग लावल्याचे दृश्य उभे करितो. त्या क्षणी राणीच्या तोंडून प्रथम निघते ते हेच, की मी निर्दयेने सागरिकेस आत बांधून ठेविले आहे, तिला वाचवा. राजा आगीत शिरतो, आणि मागोमाग वासवदत्ताही. लावाणकास जी जळाली अशी खोटी बातमी दोनदा पसरविली, ती स्त्री आता आपल्या दासीकरिता आगीत पाऊल टाकते. आगही खोटीच असते. पण तिला ते ठाऊक नाही. मग सिंहलचा अमात्य वसुभूती रत्नावलीस ओळखतो. येथेही ओळख पटविणारे माणूस माहेरचेच! वासवदत्ता मामेबहिणीस मिठी मारते, आणि आपल्या क्रौर्याची लाज वाटून बेड्या राजासच सोडावयास सांगते. हर्षास नर्मदेवर दुसऱ्या पुलकेशीने अडविले, याचा आम्हां दक्षिणेकडील लोकांस अभिमान आहे. परंतु या एका प्रवेशापुरती त्यास वाट द्यावयास माझी हरकत नाही.

कथेचा मूळ उगम मात्र आपल्याच बाजूचा. नाणेघाटाच्या लेण्यात नागनिकेचा लेख ज्यांनी पाहिला आहे, त्यांस सातवाहनांची ओळख सांगावयास नको. अशाच एका सातवाहन राजाच्या पदरी प्रतिष्ठानास गुणाढ्य होता, असे सोमदेव सांगतो. पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' त्याने लिहिली. राजाने ती नाकारली. मग अरण्यात बसून तो एकेक पान वाची व अग्नीत टाकी; हरिणे चरणे सोडून ऐकत उभी राहत. राजा धावत आला तेव्हा सहा लक्ष जळून गेले होते. जे एक लक्ष उरले, ते उदयन-वासवदत्तेच्या मुलाचे, नरवाहनदत्ताचे चरित्र. आगीतून वाचण्याचा या घराण्याचा जणू वारसाच.

वाचन संपले त्या रात्री सौभाग्यवती दिवा मालवावयास आल्या व म्हणाल्या, "अहो, तो दाईचा प्रवेश उद्या पुन्हा एकदा वाचाल का?" मी होकार दिला. मग फार वेळाने, बाहेर उसात काही खसफसले तेव्हा, मी त्यांस त्यांच्या माहेरच्या नावाने हाक मारली. एकेचाळीस वर्षांत प्रथमच. त्यांनी आधी विचारले, "कोणाला?"